अखंड प्रार्थना

१४ नोव्हेंबर
गुरुवार, सकाळ

प्रिय धाकट्या,

सप्रेम सलाम. तुझे पत्र पोचून आज सोळा दिवस झाले. माझी प्रकृती ठीक आहे. गुडघा तेवढा कुरकुरतो, पण ऐकून घ्यायला घरात कोणी नाही हे उमगल्यापासून तोही बेताने बोलतो. तुझ्या बायकोला आणि दोन्ही मुलींना आशीर्वाद. पाकिटावरचा पत्ता थोरलीने लिहिलेला दिसतो. अक्षराला वळण आहे, चुका दोन आहेत. लाल शाईने खुणा करून पाकीट सोबत परत पाठवते आहे, तिला दाखव. रडली तर रडू दे.

तुझ्या पत्राचे सरळ दोन भाग पडतात. साडेतीन पानांत तू मला भाषणाचे निमंत्रण दिले आहेस आणि शेवटच्या पाच ओळींत दुसरेच काही मागितले आहेस. मी क्रमाने उत्तर देते.

तुमच्या चर्चच्या मंडळीने चित्रपट महोत्सव भरवावा, याला माझी हरकत असण्याचे कारण नाही. पाळक म्हणून तू त्याचा निमंत्रक असावास, हेही योग्यच. परंतु परीक्षणाची जी छापील पत्रिका तू पाठवलीस, ती वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. ‘बायबलची वचने किती आली? कोणाचे परिवर्तन होते काय? प्रार्थनेचे दृश्य आहे काय? मद्यपान दाखवले असल्यास त्याचे दुष्परिणाम दाखवले आहेत काय?’ प्रत्येकी दहा गुण. चित्रपट आहे की सहामाही परीक्षा? तुमच्या महोत्सवाचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक आहेत, हे मला पत्रिका पाहूनच कळले होते. मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला तेव्हा खात्री पटली.

“बाई, बाकी काही असो, शेवटी प्रार्थना हवीच. नाहीतर लोकांना कळायचं कसं, पिक्चर ख्रिस्ती आहे म्हणून?”

“तिकिटावर छापा.”

“तिकीट नाहीये हो, प्रवेश मोफत आहे!”

अशा माणसावर रागावताही येत नाही, हीच खरी पंचाईत.

तू पाठवलेले सहाही चित्रपट पाहिले. पहिल्यात दारुडा नवरा दीड तास बायकोला मारतो आणि शेवटच्या सहा मिनिटांत, खिडकीतून दिव्याचा झोत अंगावर पडला म्हणून, सुधारतो. त्या बायकोचे पुढे काय झाले हे विचारायला दिग्दर्शकाला सवड नाही. तिचे काम मार खाण्यापुरतेच होते. चौथ्यात आजारी मूल बरे होते, पण व्हायोलिने मुलाच्या दोन सेकंद आधीच उठून बसतात. सहाव्याविषयी मी लिहीत नाही. तो करणारा तुझा मित्र आहे, असे तू म्हणतोस. मैत्री टिकव, चित्रपट विसर.

पाचवा मात्र जप. त्यात वचन एकही नाही. एक बाई आहे. शेजारणीने हिच्या मुलाविरुद्ध साक्ष दिली आहे आणि आता ती शेजारीण आपल्या आईच्या दुखण्यापायी दोन महिने परगावी गेली आहे. तिच्या घराची किल्ली हिच्याकडे. ही रोज जाऊन तिच्या कुंड्यांना पाणी घालते. घालावेसे वाटत नाही, आणि वाटत नाही हे लपवतही नाही. एके दिवशी तर झारी आपटते. कॅमेरा तिला चांगली ठरवायला धावत नाही, की झाडाला फूलही आणत नाही. तुमच्या पत्रिकेप्रमाणे या चित्रपटाला चाळीसपैकी शून्य पडतील. माझ्या मते सहांत ख्रिस्ती तो एकच.

भाषणात मी काय सांगितले असते तेही लिहिते, म्हणजे तुझे साडेतीन पानांचे कष्ट वाया जायला नकोत. चित्रपट विषयाने ख्रिस्ती होत नाही, आणि क्रूस दाखवून तर मुळीच नाही. समोरच्या माणसाला कशासाठीही न वापरता त्याच्याकडे पाहत राहणे, तो अडखळला तर अडखळू देणे, त्याच्या वतीने खोटे न बोलणे, हे ज्याला जमले त्याचा चित्रपट प्रार्थनेच्या जवळ जातो. बाकी सगळी आरास. संकलनाच्या वर्गात पंचवीस वर्षे हेच वाक्य मी विद्यार्थ्यांना घोकायला लावले. आत्ता ते तुला लिहिताना मात्र पेन दोनदा थांबले.

समोरच्या भिंतीवर आपल्या चित्रपटाचे मानपत्र आहे. बाबांच्या सेवेला पन्नास वर्षे झाली तेव्हा तू चित्रित केलेला आणि मी जुळवलेला तो पाऊण तास. परीक्षकांनी लिहिले होते, ‘वृद्ध पाळकाची अखंड प्रार्थना, आणि त्या प्रार्थनेत मध्येच दिसणारे त्यांचे जोडलेले हात, हा खऱ्या ख्रिस्ती चित्रपटाचा वस्तुपाठ होय.’ सहा वर्षे मी हे मानपत्र येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेस पडेल असे टांगून ठेवले आहे. काच दर रविवारी पुसते.

तेव्हा, कामाच्या व्यापामुळे भाषणाला येणे जमणार नाही, असे अध्यक्षांना कळवावे. तुझी दुसरी मागणी लक्षात आहे. जुनी खोकी चाळून पाहते आहे. सापडल्यास

शनिवार, दुपार

वरचे वाक्य मी मुद्दामच अर्धे ठेवले आहे. कोणतीही खोकी मी चाळलेली नाही. चाळण्यासारखी खोकी माझ्याकडे नाहीत.

तुझ्या त्या पाच ओळी मला आता पाठ आहेत. बाबा रोज संध्याकाळी जेवायला बसण्याआधी प्रभूची प्रार्थना म्हणतात. बाकी सारे विसरले, तुझे नावही, पण तेवढी म्हणतात. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ या भाकरीच्या ओळीपर्यंत येतात आणि पुढच्या, क्षमेच्या ओळीपाशी थांबतात. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसतात. तू पुढची ओळ सांगितलीस की मान हलवतात आणि म्हणतात, “तू नाही.” तुझ्या बायकोने सांगितली, तरी तेच. ताट गार होते. शेवटी त्यांना तसेच, अर्ध्या प्रार्थनेवर भरवावे लागते. आणि तू लिहितोस, ‘ताई, मूळ चित्रीकरणात आईचा आवाज आहे, मला पक्कं आठवतं. मी कॅमेऱ्यामागे हसू दाबत होतो. तेवढा तुकडा पाठव. दुसरं काही नको.’

होय, होता. एक्केचाळीस सेकंद. मी तो इतक्या वेळा पाहिला आहे की अजून डोळ्यांपुढून सरकवू शकते. बाबा भाकरीपर्यंत येतात. थांबतात. ओठ हलतात, शब्द येत नाही. चष्म्याआड डोळे एकदा तुझ्याकडे, एकदा छताकडे. मागे कढईत उलथने फिरते आहे. ते थांबते. मग आतून आई, “अहो, क्षमा राहिली! कुठं निघालात? मागं या.” आणि बाबा हसतात. पन्नास वर्षे ज्याच्या स्मरणशक्तीचे मंडळीला कौतुक, तो माणूस चोरी पकडल्यासारखा हसतो, “आलो, आलो” म्हणतो, आणि ओळ उचलतो. उलथने पुन्हा सुरू.

मी ते कापले. कारण विचारशील तर तेव्हाचे कारण सांगते. बाबांना प्रार्थनेत अडखळताना मंडळीने कधी पाहिले नव्हते. ते सहाशे लोकांपुढे पडद्यावर का दिसावे? शिवाय मागे भांड्यांचा आवाज. मी बाबांचा मान राखते आहे, असे मी स्वतःला सांगितले. चिऱ्यावर चिरा बसावा तसे दोन्ही तुकडे मी जोडले आणि सांधा दिसू नये म्हणून वर त्यांच्या जोडलेल्या हातांचे दृश्य ठेवले. परीक्षकांना जे हात एवढे भावले, ते हेच.

आता जे कोणालाच सांगितलेले नाही, ते सांगते. ते थांबणे काय होते हे मला तेव्हा कळले होते. तू कॅमेऱ्यामागून ते एकदा पाहिलेस आणि हसलास. मी पडद्यावर चाळीस वेळा पाहिले, कुठल्याही डॉक्टरने पाहिले नसेल इतक्या जवळून. तो विसराळूपणा नव्हता. माणूस आपल्याच घरात वाट चुकला होता आणि आई त्याला हाक मारून परत आणत होती. तिच्या आवाजावरून दिसत होते की हे पहिल्यांदा घडत नव्हते. मी कोणाला बोलले नाही. जे मला बघवले नाही ते इतरांनाही दिसू नये, अशी चोख व्यवस्था मात्र केली. दीड वर्षाने तू त्यांना तपासायला नेलेस तेव्हा मी फोनवर म्हणाले, “असं अचानक कसं झालं?” आठवते?

आईला फसवता आले नाही. सभागृहातला खेळ संपला, लोक बाबांच्या पाया पडत होते, आणि ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “हात दुसऱ्या दिवशीचे आहेत ना गं? प्रार्थनेच्या दिवशी यांच्या अंगठ्याला पट्टी होती. मीच बांधली होती.”

माझ्या आयुष्यातली ही एकच चूक तपासायची राहून गेली होती. मी काय म्हणाले असेन? “आई, हे बारकावे कोणाला कळत नाहीत.” मी, जी मुलीच्या पाकिटावरचे काना-मात्रा तपासते!

ती हसली. “बरं बाई तपासनीस. छान झालाय. आमच्या घरातला वाटत नाही, एवढंच.”

लहानपणी मी उपासनेच्या छापील पत्रकातल्या चुका पेन्सिलीने खोडायचे, तेव्हापासून ती मला तपासनीस म्हणायची. त्या दिवशी त्या शब्दात नेहमीची थट्टा नव्हती. आपला आवाज कुठे गेला, हे तिने एका शब्दाने विचारले नाही. विचारले असते तर मी तेव्हा सांगितले असते, असे मला वाटते. बहुधा नसते सांगितले.

आता मूळ तुकडा. तुला माझी पद्धत ठाऊक आहे. इतर संकलक कापलेले सारे वर्षानुवर्षे साठवतात. मी चित्रपट पक्का झाला त्याच दिवशी न वापरलेले सर्व पुसून टाकते. ‘जो कचरा जपतो, तो निर्णयाला भितो,’ हेही माझेच वाक्य, तेही विद्यार्थी घोकतात. तू एकुलती एक प्रत माझ्या हातात दिली होतीस, विश्वासाने. ते एक्केचाळीस सेकंद मी माझ्या हाताने पुसले. मागाहून, पुसलेले परत मिळवून देणाऱ्या दोन कारागिरांकडे विचारणा केली. दोघांनीही नकार दिला. एक म्हणाला, “मॅडम, फार नीट पुसलंय तुम्ही.”

तिचा आवाज आता कुठेही नाही, धाकट्या. तिने कधी फोनवर निरोप मुद्रित करून ठेवला नाही. त्या यंत्राशी बोलायची तिला लाज वाटे.

तिला माती दिली त्या दिवशी, कबरस्तानाच्या फाटकातच, चार लोकांसमोर, तुझे प्रवचन वीस मिनिटे लांबले आणि त्यात एक संदर्भ चुकला, असे मी तुला म्हणाले. तू म्हणालास, “ताई, आज तरी कात्री घरी ठेवायचीस.” मी तशीच स्टेशनला गेले आणि अकरा महिने तुझ्या घरी आले नाही. तू लोकांना सांगतोस की ताई प्रवचनावरून रुसली. तसे नाही. तू कात्री म्हणालास, तेव्हा मला वाटले, तुला कळले आहे.

तुझे पत्र आल्यापासून मी आणखी एक गोष्ट केली, तीही लिहून टाकते. माझा आवाज आईसारखा आहे. फोनवर लोक फसत, आणि मला राग येई. मी दारे-खिडक्या लावून तिचे वाक्य माझ्या आवाजात मुद्रित केले. बावीस वेळा. मागे कढई ठेवली, उलथनेही फिरवले. एकोणिसावा प्रयत्न उत्तम झाला आहे. तुलाही ओळखू आला नसता. ‘सापडला’ म्हणून तो पाठवून दिला असता, तर बाबा जेवले असते, तू मला आशीर्वाद दिला असतास आणि हे पत्र गुरुवारीच संपले असते.

आज सकाळी तो ऐकला. हात दुसऱ्या दिवशीचे आहेत. तोही मी पुसला.

म्हणून पुढच्या गुरुवारी दुपारच्या गाडीने येते आहे. मला घ्यायला येऊ नकोस. स्टेशनच्या फाटकापाशी उभे राहून आपल्या दोघांना काही बोलायचे सुचणार नाही. बाबांना आधी सांगू नको. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात उभी राहीन. तिचा सूर लावणार नाही. ते थांबले की माझ्याच आवाजात तिचे वाक्य म्हणेन. एखाद्या चित्रपटात हे दृश्य आले असते तर स्वस्त म्हणून मी ते पहिल्या फेरीतच उडवले असते, हे मला माहीत आहे.

ते मलाही “तू नाही” म्हणतील. बहुधा तसेच होईल. म्हणाले, तर मध्ये पडू नकोस, समजावू नकोस आणि त्यांचे ताट पुढे सरकवू नकोस. मी बाहेर येऊन त्यांच्यासमोर बसेन. जेवढा वेळ ते थांबतील तेवढा वेळ बसेन. या खेपेस मला कुठेही जोड द्यायचा नाही.

तू मला क्षमा करावीस असे मी लिहिलेले नाही, हे तुझ्या लक्षात आले असेल. त्या ओळीपाशी मीही थांबले आहे. मागे बोलावणारे कोणी राहिलेले नाही, आणि ते मीच पुसले आहे.

स्वयंपाकघराचे दार लोटून ठेव. लावू नकोस.

तुझी,
तपासनीस

ता. क. मानपत्र भिंतीवरून काढले आहे. मागे रंग उडालेला चौकोन दिसतो. तसाच ठेवला आहे. आणि थोरलीला ते पाकीट दाखवू नकोस.