लाल पट्टीची मच्छरदाणी

मंगळवार, १४ ऑक्टोबर
दवाखान्याचा व्हरांडा

प्रिय ताई,

तुला नमस्कार, पोरींना गोड पापा. इकडे केळीची तोड जोरात आहे. दिवसभर घड खांद्यावरून आणायचे, हौदात धुवायचे, पेट्या भरायच्या. माझी पाठ अजून जागेवर आहे. दाजींनी आज चहात बुडवून दोन बिस्किटं खाल्ली आणि नर्सबाईंना म्हणाले, "चहा फारच अगोड." म्हणजे माणूस ताळ्यावर आला. धोका टळलाय, पण अजून आठवडाभर ठेवणार आहेत.

हे सगळं फोनवर सांगून झालंय. मग पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू विचारलंस, "मच्छरदाणी लावत होते ना रे?" आणि मी लगेच म्हणालो, "हो, रोज." ताई, मी खोटं बोललो. तुझा आवाज ऐकत खरं सांगायची छाती झाली नाही.

मच्छरदाणी आखूड पडते, गादीखाली खोचता येत नाही, म्हणून तू खाली लाल पट्टी शिवून दिली होतीस. पहिल्या दिवशी दाजींनी ती चार दोऱ्यांनी नीट ताणून बांधली. शेडमध्ये आम्ही बारा जण, आणि मच्छरदाणी त्यांची एकट्याची. आता मेव्हण्याला दाजींची थट्टा करायचा हक्कच असतो, आणि इथे मला सगळे 'रेडिओ' म्हणतात. मग काय! "नवरीबाई, पडदा सरकवा, तोंड तरी बघू द्या!" शेड खदखदून हसलं. दुसऱ्या दिवशी मी ती काढून डोक्यावर घेतली, लाल काठ कपाळावर ओढला आणि लाजत लाजत चालून दाखवलं. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. दाजीही हसले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मच्छरदाणी घडी करून उशाला घेतली. मी पाहिलं, ताई. तोंडापर्यंत आलं होतं, "दाजी, लावा हो, मी गंमत करत होतो." पण सगळ्यांसमोर माघार कोण घेणार? केळी धुवायचा हौद शेडला लागून, डासांचा नुसता घोंघाट. ते रात्रभर हात झटकायचे आणि मी पांघरूण डोक्यावरून घेऊन घोरायचो.

अजून एक आहे. ते लिहायला हात धजत नाही. पंधरा-वीस दिवसांनी पहिल्यांदा त्यांना हुडहुडी भरली, दात वाजायला लागले, तेव्हाही मी म्हणालो, "बघा, नवरीला माहेरची आठवण आली!" दोन दिवस मी ते थट्टेवारी नेलं. तिसऱ्या दिवशी ते मलाच तुझ्या नावानं हाका मारायला लागले, तेव्हा मुकादमानं गाडी काढली. इथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, मलेरिया निघाला, आणि त्यांनी एवढंच विचारलं, "दोन दिवस काय करत होतात?"

दाजी शुद्धीवर आल्यावर नर्सबाईंनी त्यांना विचारलं, मच्छरदाणी का नाही वापरली. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "उकडायचं हो आतमध्ये." त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

काल नर्सबाई शेडवर मच्छरदाण्या वाटून गेल्या. त्यांची पाठ वळताच सगळ्यांनी पिशव्यांत कोंबल्या. मी दाजींची काढली, बांधली, लाल पट्टी गादीखाली खोचली आणि दिवा चालू असतानाच आत जाऊन बसलो. कोपऱ्यातून आवाज आलाच, "नवरीबाई आल्या!" मी म्हणालो, "आले. बोला." नंतर तिघांनी आपापल्या बांधल्या. बाकीचे अजून हसतात. हसू देत. पण यानं दाजींचा ताप काही मागे जात नाही, मला कळतं.

हे पत्र पेट्यांच्या ट्रकवाल्याकडे देतोय, म्हणजे रविवारी तू निघायच्या आत मिळेल. आलीस की सरळ दाजींच्या खाटेपाशी जा. मी बाहेर बाकावर असेन. हाक मारलीस तर आत येईन, नाही मारलीस तर तिथेच बसेन. तू विषय काढलास की दाजी म्हणतील, "जाऊ दे, पोरगा आहे." ते म्हणोत. तू म्हणू नकोस.

ज्याच्या भरवशावर तू त्यांना पाठवलंस, तो
तुझा धाकटा