आठाचे सोळा

४ ऑगस्ट २०२५
सांगणारी मी, गजराबाई. लिहिणारी नात, काजल. कुणाला वाचून दाखवायचं नाही.
काजल घरी बसून सुरतच्या ऑफिससाठी इमारतींचे नकाशे काढते. लॅपटॉप अडकतो. ऑफिसवाले म्हणतात, आठ जीबी रॅम पुरत नाही. महिनाअखेर सोळा करा, नाहीतर सुरतला येऊन बसा. बसेल त्यांची आजी! आठाचे सोळा करायला काय लागतं? काजल कुठेही जात नाही.

६ ऑगस्ट
नंदुरबार. दुरुस्तीवाल्या योगेंद्रने लॅपटॉप पालथा घालून उघडला. म्हणाला, रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आहे, वाढत नाही. हलक्या, बारीक लॅपटॉपात असंच असतं.
सुनावलं त्याला. पोलकं शिवताना मीसुद्धा दोन बोटं माया सोडते, अंग भरलं तर उसवता येतं. एवढ्या शिकलेल्या कंपनीला एवढं कळू नये? हसला मेला. त्याच्या दुकानात पुन्हा पाऊल टाकणार नाही.

९ ऑगस्ट, सकाळ
मुलगा हेमकांत म्हणतो, मी जाड घेत होतो, तूच बारीक घ्यायला लावलंस. खोटं! मी जाड उचलून फक्त 'वीट आहे' म्हटलं. आता नवा घेऊ म्हणतो. सहा महिन्यांची वस्तू बदलायची? म्हणजे माझी पसंती चुकली असं आमच्या धानोरा गावभर होईल. साफ नाही म्हटलं.

१४ ऑगस्ट
नवापूर. इथला कारागीर शहाणा. म्हणाला, डिस्क बदलता येते. दुप्पट मोठी टाकली. जिंकले!

१५ ऑगस्ट
तसाच अडकतो. काजल म्हणाली, आजी, कणगी मोठी झाली, परात तेवढीच शे. मग कारागिराने आधी सांगायला नको? काजल म्हणते, सांगितलं होतं. हे लिहू नको म्हटलं तरी लिहिते.

२१ ऑगस्ट
पुन्हा योगेंद्रकडे. पाऊल टाकलं नाही. रिक्षातच बसले, काजलला आत पाठवलं. उत्तर तेच. शब्द मात्र मी पाळला.

२८ ऑगस्ट
हेमकांतला म्हटलं, घे बाबा तुझी वीट. काजल म्हणाली, आता नको आजी, ऑफिसला येते म्हणून कळवलं. मला न विचारता! रागाने जेवले नाही. फक्त दोन भाकरी.

१ सप्टेंबर
लिहिणारा हेमकांत. काजल सकाळच्या गाडीने सुरतला गेली. बरं झालं, घर मोकळं झालं. मला काही वाटत नाही, हे ठळक लिही म्हटलं. तर म्हणतो, माय, पहिले रडानं बंद कर, मंग सांग. काय सांगी ऱ्हायनी, काहीच समजस नही.