पंढरीकाकांच्या वहाणा

कोलशेत,
ता. ९ मे १९५५

तीर्थरूप आतेस लक्ष्मीचा नमस्कार.

आम्ही सारी खुशाल. तुझं अंग दुखायचं थांबलं का? गोपीनाथदादा, आतेला सगळं पत्र वाचून दाखव, मधलं काही गाळू नकोस.

आते, गणूचं लग्न मी एकटीनं लावलं! धवले, म्हणजे लग्नविधीची सारी गाणी, गाताना घसा एकदाही कोरडा पडला नाही. पण त्याआधी मांडव मोडायची पाळी आली होती, ते ऐक.

हळदीच्या दिवशी मी धवल्यात घरच्या देवांना आणि गेलेल्या माणसांना मांडवात बोलावत होते. नावं गणूच्या बापाकडून, राघोकाकांकडून, ओटीवरच विचारून घेतलेली. ती संपली आणि त्यांचे धाकटे भाऊ पंढरीकाका ताडकन उठले.

"मना पागोटा जुना दिला! मना कोन इचारतय? मी चाललो घरा!"

"जा! नेहमीचाच तुझा," राघोकाका ओरडले.

काका गेले असते तर अर्धी भावकी उठली असती, आणि हळद टाकून उठलेल्या घरात मुलगी कोण देणार? माझंही टाळकं सणकलं. धवला अर्ध्यावर, आणि यांचं पागोट्यावरून भांडण! लक्ष्मीचा राग नाकाच्या शेंड्यावर, असं तूच म्हणतेस ना? या खेपेला मात्र तोंड मिटून नुसतं पाहिलं. काका "चाललो, चाललो" म्हणत होते, पण वहाणा काही पायात घालत नव्हते. ज्याला खरंच जायचं असतं तो आधी वहाणा शोधतो.

जवळ जाऊन हळूच विचारलं, "काका, कोन ऱ्हायला बोलवायचा?"

ढसाढसा रडले गं ते. त्यांची बायको, ठमाकाकी! आईविना गणूला तिनंच वाढवलं, गेल्या साली गेली, आणि मी तिचं नावच घेतलं नव्हतं. नावं चुलीपाशी बायकांना विचारावीत, हे तुझं शिकवणं मी विसरले.

मग पहिल्यापासून धवला धरला, ठमाकाकीचं नाव सगळ्यांच्या आधी. बायकांनी असा आवाज दिला म्हणून सांगू! काकांनी तेच जुनं पागोटं बांधलं आणि गणूला जवळ घेऊन बसले. राघोकाका त्यांच्या गळ्यात पडले. आता सारं कोलशेत मला "आमची धवलारीण" म्हणतं. माझे पाय जमिनीला लागत नाहीत.

आते, तुझं अंग दुखत नव्हतं ना? तुझा आवाज बसला म्हणून लोक गणूच्या लग्नाची सुपारी घेऊन थेट माझ्याकडे आले, आणि मी तुला न विचारता ती घेतली. तू लग्नाला आली नाहीस. मला वाटलं, म्हातारपण. पंढरीकाकांना पाहिलं तेव्हा तू कळलीस.

काल बाळकुमची माणसं पुढच्या लग्नाची सुपारी घेऊन आली. मी हात पुढे केला नाही. त्यांना शीळला तुझ्याकडे धाडलंय. पाटावर तू बसायचं, नावं तू विचारायची, पहिली ओळ तू म्हणायची, फाटक्या आवाजात का होईना. पुढे मी उचलीन.

सुपारी घे. नाहीच म्हणायचं असेल, तर आधी वहाणा घाल.

तुझ्या मागे बसायला उतावळी,
लक्ष्मी