भुलीआधी सांगायचं राहिलेलं

अहो,
पलसाण्याहून आलात की चहा गरम करून घ्या. मी दवाखान्यात पुढे गेलेय. काल भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "आधी कधी भुलीचा त्रास झालाय?" शेजारी तुमच्या आई बसलेल्या, म्हणून मी नाही म्हटलं. लग्नाआधी धुळ्याला छातीतली गाठ काढताना भुलीचं इंजेक्शन देताच अंग सुजलं, श्वास कोंडला, मरता मरता वाचले. "सासरी बोलू नको," असं बाबांनी बजावलं होतं. आता डॉक्टरबाईंना सगळं सांगते. कोणतं औषध चालत नाही ते त्या तपासतील. पित्ताशयाचं ऑपरेशन लांबलं तरी चालेल. टेबलावरच गेले असते तर तुम्हाला कारणही कळलं नसतं. आईंना तुम्हीच सांगा. मला त्यांच्याकडे बघायचीही लाज वाटते.
गायत्री