करड्या अक्षरांतला मुकुंद

नागपूर, गुरुवार

ती. यमुआत्यास,

मुकुंदाचा वाकून नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण या खोलीत तेवढी लांबी नाही. टेबल सरकवलं की पंख्याची वायर निघते.)

मी शरीराने ठीक आहे. मनाचं पुढे लिहितो, ते बसून वाच. रामटेकला तुझी, काकांच्या गुडघ्याची आणि कुंडीतल्या अबोलीची खुशाली कळव. शेजारचे गोपाळराव सर कसे आहेत? आठवडाभर इकडे कॉलेजात पोरांना छळून रविवारी अजून तुझ्याकडे चहाला येतात ना? सहज विचारतो. ज्या माणसाने माझा तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प एकदासुद्धा चालवून न पाहता त्यावर लाल शाईने 'अपूर्ण' असं लिहिलं, त्याच्या प्रकृतीशी मला काय करायचं आहे? त्या दिवशी मी कीबोर्ड आपटून कॉलेजातून बाहेर पडलो तो पडलोच, आणि मला त्याचा काडीचा पस्तावा नाही, हे तुला माहीतच आहे. तरी थंडी पडू लागली आहे, सरांना दम्याचा त्रास आहे, म्हणून विचारलं.

फोन केला असता. पण फोनवर मी संतापाच्या ऐन भरात आलो की तू मधेच "जेवला का गा?" असं विचारतेस, आणि मग राग कुठून धरायचा ते सापडत नाही. शिवाय तुझा फोन स्पीकरवर असतो. म्हणून पत्र.

आत्या, मला डिसेबल करण्यात आलं आहे.

घाबरू नकोस, नोकरी आहे. नोकरीवरून काढलं असतं तर सोपं होतं, दुसरी शोधली असती. हे वेगळं आहे. आता हे समजायला आधी आमच्या कंपनीचं काम समजून घ्यावं लागेल, जे तू दर दिवाळीला विचारतेस आणि मी दर दिवाळीला "कम्प्युटरचं" असं सांगून चकली उचलतो. तू गॅस बुक करताना एका चौकोनावर बोट ठेवतेस, खाली जिल्ह्यांची यादी पडते, त्यातून तू 'नागपूर' निवडतेस आणि चुकून 'नांदेड' निवडलं जातं. ती यादी. आमची कंपनी ती पडणारी यादी बनवते. बाकी काही नाही. (हसू नकोस. परसोडीत एवढी मोठी इमारत आहे, आणि तिच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही अकरा माणसं दिवसभर एक यादी नीट पडते की नाही ते बघत असतो.)

तर ही यादी गिऱ्हाइकाला दाखवायची म्हणजे तिच्यात काहीतरी भरून दाखवावं लागतं. साडीच्या दुकानाबाहेर पुतळ्याला साडी नेसवतात तसं. त्याला आम्ही डेमो म्हणतो. आणि नियम असा, की डेमोत कोणी कानामात्रा जरी बदलला तरी तो बदल दुसऱ्या कोणीतरी तपासायचा, शेरे मारायचे, आणि हिरवं बटण दाबलं तरच तो आत जायचा. लाल दाबलं तर जागच्या जागी अडकतो, आणि ज्याने लाल दाबलं त्याने स्वतः मागे घेतल्याशिवाय सुटत नाही. एवढं ध्यानात ठेव, कारण माझ्या हातात या जगात तेवढीच एक सत्ता आहे.

आमच्याकडे नूपुर नावाची मुलगी आहे. (हिच्याबद्दल मी तुला मागे लिहिलेलं नाही. तू ओळखलं होतंस हे वेगळं.) नरखेडकडची आहे, वडिलांच्या संत्र्याच्या बागा आहेत. संत्र्याचं साल अखंड सोलते, मधे तुटू देत नाही, आणि कोडही तसंच लिहिते. तिने पाठवलेला बदल तपासायला आला की मी हातातलं सगळं टाकून आधी तो घेतो. तिच्या कोडातल्या रिकाम्या ओळीसुद्धा मला रिकाम्या वाटत नाहीत. आजवर तिच्या प्रत्येक बदलाला मी हिरवंच दिलं आहे, काही वेळा वाचूनसुद्धा.

सध्याचं गिऱ्हाईक म्हणजे अमरावतीच्या सिंधूताई. त्यांचं वधूवर सूचक मंडळ आहे, तीस वर्षं घरातल्या पलंगावर बसून चालवलं, आता त्यांना ते इंटरनेटवर न्यायचं आहे. तेव्हा डेमोची यादीही तशीच हवी : 'पसंत स्थळ निवडा'. ती भरायचं काम माझ्याकडे आलं. मी नावं टाकली. मुकुंद, अपूर्व, अर्णव. आणि मुकुंद आधीपासून निवडलेला ठेवला, म्हणजे पान उघडताच चौकोनात तोच दिसेल. आत्या, यात वाईट हेतू नव्हता. रोज सकाळी नूपुर ते पान उघडते, रोज सकाळी तिला 'पसंत स्थळ : मुकुंद' दिसणार, पाण्याच्या थेंबाने दगड झिजतो, एवढाच विचार होता. तोंडाने सांगायची हिंमत नाही, तिथे माणूस यादीकडूनच सांगणार.

मंगळवारी मी पोहे घेऊन बसलो होतो आणि नूपुरचा बदल आला. नाव : 'स्थळांच्या डेमोत सुधारणा'. मी हौसेने उघडला. जुनी ओळ लाल दिसते, नवी हिरवी. लाल ओळीत मी होतो, पहिला. हिरव्या ओळीत अर्णव होता, पहिला, आणि निवडलेला. मी खाली सरकलो होतो, शेवटी, आणि माझ्या नावापुढे तिने लिहिलं होतं : डिसेबल. म्हणजे काय, तर नाव यादीत दिसतं, पण करडं, विटलेलं, आणि त्यावर कितीही बोट दाबा, निवडलं जात नाही. शेजारी बारीक अक्षरांत : 'सध्या उपलब्ध नाही'.

चमचा माझ्या हातात होता तसाच राहिला. काढून टाकलं असतं तर मी समजलो असतो. नाव काढलं म्हणजे विषय संपला, माणूस दोन दिवस गच्चीवर जाऊन बसतो. पण काढलं नाही. करडं केलं. सगळ्या जगाने बघावं, हा इथे आहे, आणि हा कोणाच्या कामाचा नाही. आणि हा अर्णव कोण? आमच्या ऑफिसात अर्णव नाही. खालच्या मजल्यावर नाही, हे मी उतरून विचारून आलो. म्हणजे बाहेरचा आहे. म्हणजे प्रकरण पुढे गेलेलं आहे. (हे नाव यादीत मीच घातलं होतं, हे त्या वेळी माझ्या लक्षात आलं नाही. धक्क्यात येत नाही.)

मग मी शेरे लिहायला बसलो. करडा रंग फार फिका आहे, वयस्कर माणसांना दिसणार नाही. एका स्थळाला असं वागवणं मंडळाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. हा बदल कोणाला विचारून केला? अर्णवमध्ये असं काय आहे? असे बरेच झाले. आता मी विसरलो होतो ते एवढंच, की हे शेरे सगळ्यांना दिसतात, आणि सिंधूताईंनाही दिसतात, कारण कामावर लक्ष ठेवायला त्यांना आम्हीच आत घेतलं होतं. त्यांना डेमो हा प्रकार माहीत नाही. त्यांना वाटलं खरंच स्थळ आहे. माझ्या शेऱ्याखाली त्यांचा प्रश्न आला : मुकुंद या स्थळात अडचण काय आहे? मी भडकलेलो होतोच, लिहिलं, काही अडचण नाही, मुलगा उत्तम आहे. त्यांनी विचारलं, शिक्षण? मी खोटं बोलत नाही, तुला ठाऊक आहे. लिहिलं, तिसऱ्या वर्षात सोडलं, पण तत्त्वासाठी. त्यावर त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं. मग बंदच ठेवा.

आत्या, अमरावतीहून. न बघता. मी लाल बटण दाबलं.

आणि दाबल्यावर थोडं बरं वाटलं. कारण नियमाने आता मी हात वर केल्याशिवाय अर्णव पहिला होऊ शकत नव्हता आणि मी करडा होऊ शकत नव्हतो. काल दिवसभर मी त्या बटणावर नागोबासारखा बसलो. शुक्रवारी सिंधूताईंना डेमो द्यायचा आहे, तो माझ्यापायी अडला आहे, हे मला तीन जणांनी येऊन सांगितलं. मी म्हटलं, दर्जा म्हणून काही असतं.

आज सकाळी धम्मानंददादा माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. हा आमच्या टीमचा मुख्य. फार बोलत नाही, डब्यात रोज तीच तुरीची डाळ, आणि आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. सोबत नूपुर, हाताची घडी घालून.

"चालवून पाह्यलं का बे?"

मी म्हटलं, "कोड वाचला ना दादा."

"किती?"

खरं म्हणजे मी माझ्या नावापर्यंत वाचला होता. त्याच्या खाली आणखी बऱ्याच हिरव्या ओळी होत्या, पण घराला आग लागलेली असताना माणूस पुढच्या गल्लीत काय चाललंय ते बघत नाही.

"काहून अडवून राहिला गा दोन दिवसापासून?" नूपुर म्हणाली. "न पाहताच लाल करून देतं का कोणी?"

आता, हे वाक्य मी पूर्वी कुठेतरी ऐकलं होतं. शब्द न् शब्द. कुठे ते लगेच आठवेना. मग आठवलं, कॉलेजच्या कॉरिडॉरमध्ये, आणि तिथे ते ओरडत मी होतो. पण ते सोड, तो प्रसंग पूर्ण वेगळा होता.

मी डेमो चालवला. यादी पडली. मुकुंद करडा, शेवटी. मी म्हटलं, "हे पाहा." नूपुरने माझ्या खांद्यावरून हात पुढे केला (संत्र्याचा वास आला, तो मी तुला सांगणार नव्हतो) आणि यादीच्या खाली एक लहानसा चौकोन होता, जो मी पाहिलाच नव्हता, त्यावर टिचकी मारली. चौकोनासमोर लिहिलं होतं : 'अर्धवट शिक्षण पूर्ण केले'. बरोबरची खूण उमटली. आणि आत्या, करडा मुकुंद काळाभोर झाला, अर्णवला ओलांडून वर चढला, आणि चौकोनात येऊन बसला. निवडलेला.

धम्मानंददादा म्हणाला, "खूण केली की यादी बदलते, हे दाखवायचं होतं. म्हणून बनवलं तिनं. आता?"

मंगळवारचा धक्का एक, हा त्याच्यावर चढलेला दुसरा, आणि दोन्ही उलट्या दिशेने. दादा निघून गेला. मी नूपुरला विचारलं, "हे फक्त डेमोसाठीच आहे ना?"

ती म्हणाली, "डेमोच हाये. खरी यादी चालते का नाही, ते तुलेच चालवून पाहा लागते." आणि जागेवर जाऊन संत्रं सोलायला लागली.

मी हिरवं दाबलं. तीनदा दाबलं. एकदाच लागतं.

इतकंच कळवायचं होतं, मन मोकळं झालं, दुसरं काही मागणं नाही. काकांना नमस्कार, गुडघ्याला वेगळा.

तुझा,
मुकुंद

ता. क. : रविवारी गोपाळराव सर चहाला आले की आलं जरा जास्त घाल, आणि सहज विचार, की मधेच सोडलेल्या मुलाला तिसऱ्या वर्षाला परत बसता येतं का. कोणा दुसऱ्याच्या मुलाबद्दल विचारतेयस असं विचार. पारशिवनीचा म्हण.

ता. क. : ते ओळखतीलच. मग माफी हा शब्द वापरू नकोस, तो मी वापरलेला नाही. एवढंच सांग, की मुकुंद म्हणतो, न चालवता लाल करणं माणसाकडून होऊन जातं, हे त्याला आता समजलं आहे. पण म्हणून चूक सरांची नव्हती असं होत नाही, हेही सांग. नको, हे नको सांगूस.

ता. क. : सोबत पेनड्राइव्ह पाठवतो. त्यात माझा तो प्रकल्प आहे. सरांना म्हणावं, आता तरी एकदा चालवून बघा.

ता. क. : पेनड्राइव्ह पाकिटातून परत काढून घेतला आहे. पाठवण्याआधी मी स्वतः चालवून पाहिला, आयुष्यात पहिल्यांदा. चालत नाही. जिल्ह्याची यादीच पडत नाही. नूपुर म्हणाली, "पडन गा, दोघं मिळून बसू दोन-तीन संध्याकाळी." तोवर सरांना चहावरच थोपवून धर. साखर कमी घाल, म्हणजे दुसरा कप मागतील.