दोन्ही दुर्बिणींत सारखेच

डिलन, मोन्टाना
२ नोव्हेंबर

सौ. आर्डिस हिस,
हार्लनकडून सप्रेम आशीर्वाद. शिकारीच्या तंबूत सर्व क्षेम आहे. तुझा गुडघा कसा आहे?

काल पहाटे एल्क हरण समजून मी ज्यावर नेम धरला, तो आपला धाकटा मुलगा लाइल निघाला. शिकाऱ्यांनी एकमेकांना लांबूनच ओळखावे म्हणून घालतात ते भडक नारिंगी जाकीट त्याच्या अंगात होते. त्याला हे ठाऊक नाही.

दोष बंदुकीवरील जुन्या दुर्बिणीचा मानून मी आज दुकानात गेलो. दुकानदार वेन्डेलने मावळतीच्या उजेडात मला दारात उभे केले. "हार्लनकाका, ही दोनशे डॉलरची, ही बाराशेची. त्या कुंपणाकडे बघा. स्वस्तातलीत तारा पुसट होतील, महागातलीत काटेसुद्धा मोजाल. फरक दिसला नाही, तर धंदा सोडीन!"

दोन्हींत सारखेच धुके होते.

"महागडी उत्तम आहे," असे ताठ मानेने सांगून मी रिकाम्या हाताने परतलो.

अकरा वर्षे सोडतीत नाव घातल्यावर मिळालेला शिकारीचा परवाना खिशातच राहील. खांदा दुखतो असे सांगून बंदुकीच्या सर्व गोळ्या लाइलच्या हवाली केल्या आहेत. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ तू ठरवावीस. या खेपेस मी वाद घालणार नाही.

तुझ्या भरवशावर असलेला,
हार्लन