आखाजीपूर्वी खडखड बंद

२१ एप्रिल २०२५, सोमवार
गाडीच्या गियरचा दांडा खडखडतो. पहिल्या गियरला कमी, तिसऱ्याला जास्त, उषा शेजारी बसली की सर्वांत जास्त. तिच्या मते गाडी भंगारात द्यावी. अठरा वर्षांची सोबत अशी मोडीत काढतात का, असं मी विचारलं. गाडीबद्दलच विचारलं होतं.

संकल्प: आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कोकिळाअक्काला जळगावहून याच गाडीने धुळ्याला आणायचं. दोन वर्षं ती माहेरी आलेली नाही. गुडघ्यांमुळे एसटीची पायरी चढवत नाही. तिचा मुलगा, नवीन, त्याच्या केळीच्या टेम्पोतून सोडायला तयार आहे, पण अक्काचं म्हणणं, भाऊ मुराळी होऊन न्यायला आला तरच येईन. केळीच्या कॅरेटसोबत जायला "मी काय केळीना घड शे?"

२३ एप्रिल
रतिलाल मेकॅनिककडे गेलो. त्याने दांडा हलवला, चहा प्यायला, पुन्हा हलवला. म्हणाला, सर, बठ्ठं उघाडनं पडी, म्हणजे सगळंच खोलावं लागेल, आखाजीनंतर या. त्याची माणसं गावी गेलीत.

आखाजीनंतर गाडी दुरुस्त करून काय उपयोग? वीस वर्षं तर्कशास्त्र शिकवतोय. जिथे खडखड, तिथे ढिलाई. ढिलाई शोधायची, बस. गॅरेज कशाला?

२५ एप्रिल, सायंकाळ
उषाच्या जुन्या चपलेचा पट्टा कापून दांड्याच्या बुडाशी ठोकून बसवला. खडखड थांबली. रिव्हर्सही थांबला. शेजारच्या पितांबरभाऊंनी गाडी ढकलत अंगणातून बाहेर काढली. त्यांनी धापा टाकत विचारलं, जळगावला रिव्हर्स लागत नाही का? केवळ त्यांच्या समाधानासाठी पट्टा काढला.

चप्पल जुनी नव्हती, असं नंतर कळलं.

२७ एप्रिल, रविवार
व्हिडिओ बघून सगळं उघडलं. रॉकेलने पुसलं, परत बसवलं. एक क्लिप उरली. तिची जागा कुठेच दिसली नाही. आणि खडखड पूर्ण बंद!

अनुमान: खडखडीचं मूळ ही क्लिपच. कंपन्या उगाच जास्तीचे भाग घालतात. क्लिप देवघरातल्या वाटीत ठेवली. उषाने विचारलं, हिला हळदीकुंकू वाहायचं का?

अक्काला फोन केला, गाडी नव्यासारखी झाली. तिने पिशवी भरायला घेतली. गल्लीत सांगूनही आली, मना भाऊ नाना लेवाले येस.

२९ एप्रिल, सकाळ
निघतोय. उषा म्हणते, ती क्लिप तरी सोबत न्या. नेणार नाही. बरा झालेला माणूस रोग खिशात घालून हिंडत नाही.

तोच दिवस, दुपार
पारोळ्याच्या अलीकडे आहे. स्पीडब्रेकरवर दुसरा टाकायला गेलो, दांडा हातात आला. अख्खा. परत खोवून पाहिला. रिकाम्या डब्यात चमचा फिरावा तसा फिरतो.

रसवंतीवाल्याने विचारलं, सर, विकायला आणलाय का?

अक्काला कळवलं, थोडा उशीर होईल. तिने विचारलं, कितला? मी रस्त्याचं, उन्हाचं वगैरे सांगू लागलो. तिथंच बस म्हणाली.

३० एप्रिल, आखाजी
काल नवीनचा टेम्पो आला. पुढच्या सीटवर अक्का. गुडघे धरत उतरली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "नाना, मुराळी तू शे का मी?"

नवीनने दोर बांधला. ती टेम्पोत परत चढेना. भावाच्या गाडीतूनच माहेरी जाईन म्हणाली. माझ्या शेजारी बसली, दांडा मांडीवर घेतला, वरून पदर घातला. तापलाय का, मी विचारलं. म्हणाली, लोके देखतस.

धुळ्यापर्यंत समोर केळीची कॅरेट्स बघत आलो. गाडी अजिबात खडखडली नाही, हे मी तिच्या लक्षात आणून दिलं. तिने मान हलवली.

गल्लीत पितांबरभाऊंनी विचारलं, अक्का, कोणी आणलं? दोर अजून सुटायचा होता. अक्का म्हणाली, नानानी.

आज पुरणपोळी आणि आमरस. माझ्या ताटाशेजारी उषाने ती क्लिप ठेवली होती, लोणच्याच्या जागी.

अक्काला परत न्यायला शुक्रवारी नवीन येणार आहे. मला विचारलं नाही. दांडा अजून तिच्याच पिशवीत आहे. मीही मागितला नाही.